पन्नास माणसांचा स्वयंपाक

एक्स-रे विभागामागची खोली काढून घेऊन तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवायचं ठरलंय, हे मोठीताईंना फोनवर कळलं तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही लावत होत्या. फोन ठेवून पाहतात तो बाही उलटी लागलेली. मोठीताईंच्या हातून बाही उलटी लागणं ही साधीसुधी गोष्ट नव्हे. बाई दारातून नुसती आत आली की तिला कापड किती लागेल हे त्या टेपला हात न लावता सांगत, आणि कापडवाला त्यांच्या शब्दावर थान फाडत असे. अंदाज म्हणजे मोठीताईंचा, असं गल्लीत म्हटलं जाई. कपड्याचाही आणि स्वयंपाकाचाही. हे ध्यानात ठेवा, कारण त्या अंदाजाचं पुढे जे झालं ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

तशी ती खोली म्हणजे हॉस्पिटलने विसरून टाकलेली जागा. एक खिडकी, ती उघडत नाही. एक पंखा, तो फिरतो पण वारा देत नाही. भिंतीवर आतड्यांचं भलंमोठं रंगीत चित्र, त्याच्याकडे पाठ करून बसायला मिळावं म्हणून सगळ्यांची लवकर येण्याची धडपड. पण त्या खोलीत बिनहाताच्या खुर्च्या होत्या. हात असलेल्या खुर्चीत बसून जो कधी चारचौघांत अडकला नाही, उठताना तिच्यासकट उभा राहिला नाही, त्याला बिनहाताच्या खुर्चीचं मोल सांगून कळायचं नाही.

दर शनिवारी दुपारी तिथे वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालेली माणसं जमत. जठराचा मोठा भाग काढलेला, उरलेल्या पिशवीत जेमतेम वाटीभर मावणार, तेही चावून चावून, आणि वर लगेच पाणी प्यायचं नाही. आहाराच्या मॅडमनी हा गट सुरू करून दिला होता. त्यात मोठमोठ्या समारंभांचा स्वयंपाक करणारे आचारीबुवा होते. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर होते. ट्रक चालवणारे ड्रायव्हरदादा होते. पोट स्टिअरिंगला लागेनासं झाल्यापासून आपण गाडीत एकटेच बसलोय असं त्यांना वाटे. बँकेतली कॅशियर होती, वयाने सगळ्यांत लहान आणि जिभेने सगळ्यांत तिखट. आणि मोठीताई.

मोठीताई हे नाव त्यांना भावंडांत थोरल्या म्हणून मिळालेलं. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला होता तो भाग वेगळा. ऑपरेशनला वर्ष उलटलं तशा त्या निम्म्या झाल्या, नाव मात्र होतं तेवढंच राहिलं. नवीन गिऱ्हाईक दुकानात येई आणि ‘मोठीताई कुठायत?’ असं त्यांनाच विचारी. बरं, शरीर कमी झालं तरी डोक्याला ते कुणी कळवलेलं नसतं. अजूनही त्या अरुंद दारातून आडव्या होऊन जात, आणि स्वतःचा कपडा बेतताना जुन्याच मापाने कापून बसत. मग त्यातून दोन निघत.

शेजारच्या काकूंना यातलं काहीच मंजूर नव्हतं. “पोट कापून बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होण्यातला प्रकार आहे गं,” असं त्या ऑपरेशनच्या आधी म्हणाल्या होत्या. वजन उतरायला लागल्यावर म्हणाल्या, “चेहरा अगदीच ओढल्यासारखा दिसतोय, पूर्वी कशी भरलेली होतीस.” पूर्वी त्या भरलेल्या होत्या तेव्हा काकू काय म्हणत ते मोठीताईंना तोंडपाठ होतं, पण शेजार राखायचा तर पाठांतर म्हणून दाखवायचं नसतं.

आणि म्हणूनच ती खोली. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात एकदा मोठीताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडल्या होत्या. दुखत काही नव्हतं. नवऱ्यासाठी बटाटे तळले होते आणि त्यांचा वास घरभर पसरला होता. नवऱ्याला काय सांगणार? बटाट्यासाठी रडतेय म्हणून? त्यांनी ड्रायव्हरदादांना फोन लावला. “मला जेवणाची आठवण येते हो,” त्या म्हणाल्या, “घरातलं माणूस गेल्यासारखी.” पलीकडे ट्रक बाजूला घेतल्याचा आवाज आला. “कशाची येते?” दादांनी विचारलं. “तळलेल्या बटाट्यांची.” “गोल चकत्या की लांब?” दादा म्हणाले. आणि मग मोठीताई पंधरा-वीस मिनिटं तळलेल्या बटाट्यांविषयी बोलल्या, अगदी कडेच्या करकरीत भागापर्यंत, आणि तो भला माणूस रस्त्याच्या कडेला ट्रक उभा करून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “माझी आई गेली तेव्हा लोक असेच विचारत होते, तेव्हा बरं वाटलं होतं.” हे असं बोलणं झेरॉक्सच्या मशीनशी करता येत नाही.

व्यवस्थापक साहेब स्वतः शनिवारी खोली बघायला आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक वस्तूचा उपयोग विचारायची सवय होती.

“ऑपरेशन झालं, टाके निघाले, वजन उतरलं,” ते म्हणाले. “आता दर शनिवारी जमून तुम्ही करता काय?”

“बोलतो,” मास्तर म्हणाले.

“कशावर?”

मास्तरांनी खोटं बोलायला नको म्हणून खोकून घेतलं. गेल्या शनिवारी पूर्ण वेळ केस गळण्यावर गेला होता आणि त्याआधीच्या शनिवारी कॅशियरने ‘लोक माझ्या ताटात का बघतात’ या विषयावर कुणालाच बोलू दिलं नव्हतं.

“याचा हॉस्पिटलला उपयोग काय, ते मला दिसू द्या,” साहेब म्हणाले. “नाही दिसला तर पुढच्या महिन्यापासून मशीन येईल. तुम्ही काय, बागेतही बसू शकता.”

बागेतले बाक लोखंडी हातांचे होते.

साहेब गेल्यावर आहाराच्या मॅडम म्हणाल्या, “आपण एक कार्यक्रम ठेवू. साहेब, डॉक्टर, नर्स, तुमच्या घरचे. जरा आपले अनुभव सांगू.”

“कोरडे अनुभव कोण ऐकणार?” मोठीताई म्हणाल्या. “जेवायलाच बोलवू की सगळ्यांना. जेवणाशी आपलं भांडण नाही हे तरी दिसेल.”

ही कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की कुणी विचारच केला नाही. पन्नास माणसं धरली. बेत साधा: भात, डाळ, दोन भाज्या, आणि फळं. शिधा किती घ्यायचा हा प्रश्न पुढच्या शनिवारी निघाला, आणि त्यासाठी आचारीबुवा घरचेच होते.

“पन्नासला तांदूळ पाच किलो,” बुवा ताडकन म्हणाले. हजार हजार माणसांच्या पंगती उठवलेला माणूस.

कॅशियर हसली. “पाच किलो? माणसं बोलावतोय की गोदाम भरतोय?”

“एका पातेल्यात सुद्धा मावणार नाही हो,” मोठीताई म्हणाल्या.

बुवांचं ऑपरेशन झाल्यापासून मापं-तोलं हाताखालची माणसं बघत होती; ते नुसते खुर्ची टाकून बसत. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ मिटूनच ठेवले. “पूर्वी डोळे मिटले की पंगत दिसायची,” ते हळूच म्हणाले. “आता ताट डोळ्यांपुढे आणलं की त्यात माझंच जेवण दिसतं.”

मग मास्तरांनी खडू हातात घेतला. आपण शास्त्रीय पद्धतीने जाऊ, असं ते म्हणाले. आणि गणिताच्या मास्तरांनी शास्त्रीय पद्धतीचं नाव घेतलं की समजावं, काहीतरी घोळ होणार.

“एक माणूस भात किती खातो?”

“तीन चमचे,” कॅशियर.

“मी हल्ली चार खातो,” ड्रायव्हरदादा जरा अभिमानाने म्हणाले.

“पाहुणे आहेत, आपण सढळ हाताने आठ धरू.”

“आठ चमचे?” मोठीताईंनी कपाळाला हात लावला. “ओकतील माणसं, मास्तर.”

“माझा मेव्हणा खाईल आठ,” दादा म्हणाले.

“मेव्हणा अपवाद म्हणून सोडून द्या.” मास्तरांनी फळ्यावर सहा लिहिलं, पन्नासने गुणलं, चमच्याचं वजन धरलं, कच्च्याचा पक्का भात किती फुगतो ते बुवांना विचारलं, वर नासधूस म्हणून थोडा वाढवला, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. तांदूळ सव्वा किलो. डाळ त्या मानाने. भाज्या त्या मानाने. सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि एवढं उरलं तर कुणाला वाटायचं याचीही चर्चा करून ठेवली. आहाराच्या मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या, हे मॅडमचं नशीब.

आता हॉस्पिटलमध्ये बाहेरचं अन्न न्यायचं तर परवानगी हवी. कँटीनवाल्याने सरळ सांगितलं, इथे जेवण होईल ते माझंच होईल. सुरक्षा अधिकारी म्हणाले, कँटीनवाल्याची हरकत नसेल तर माझी नाही. स्वच्छता विभागाच्या बाई म्हणाल्या, आधी सुरक्षेने हो म्हणू दे. मोठीताई शिवायची कामं अर्धी टाकून तीन मजले वर-खाली करत राहिल्या. शेवटी स्वच्छता विभागाच्या बाईंनीच वाट दाखवली. पेशंटला घरचा डबा आणायला कुणाची बंदी नाही. तुम्ही सगळे पेशंट आहात. आणा डबे.

“पण आम्ही बरे झालो की,” मोठीताई म्हणाल्या.

“ते कागदावर नाही,” बाई म्हणाल्या.

स्वयंपाक मोठीताईंच्याच घरी झाला. पुढच्या खोलीतल्या कापड बेतायच्या टेबलावर धुतलेली चादर घालून आचारीबुवांनी भाज्या चिरल्या. सुरी चालताना काय सुरेख आवाज येत होता. फोडणी दिली तेव्हा मोठीताईंचा ऊर भरून आला. वर्षभरात एवढा स्वयंपाक या घरात झाला नव्हता. एकेकाळी त्यांच्या घरून उपाशी गेलेलं माणूस दाखवा म्हटलं असतं तर दाखवता आलं नसतं. ऑपरेशननंतर काय काय गेलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही. पण वाढायची हौस गेली तर आपलं काय उरेल, ही धास्ती त्यांनी गटातही कधी बोलून दाखवली नव्हती. आज वाटलं, नाही गेली. आहे.

त्यांचे यजमान नळखात्यात होते. घरात ते कमी बोलत. ते स्वयंपाकघरात आले, पातेल्यात डोकावले, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“काय हो?”

“काही नाही. वास चांगला सुटलाय.”

मग काकू आल्या. त्यांना वासाची वर्दी लागतेच. त्यांनी झाकण उचलून पाहिलं. “हे चव बघायला काढलंयस होय? बाकीचं कुठंय?”

“हेच आहे, काकू. पन्नास माणसांचं.”

काकूंनी झाकण जपून जागेवर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच सल्ला न देता घरी गेल्या. मोठीताईंना वाटलं, हेवा वाटला असणार.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने डबे बघितले. “पेशंटचे घरचे डबे,” मास्तर म्हणाले. वॉचमनने मान हलवली. “जा. बाकीच्यांचं मागून येतंय का?” हा माणूस उद्धट आहे असं सगळ्यांचं एकमत झालं.

एक्स-रेमागच्या खोलीबाहेरच्या लांब बोळात टेबलं मांडली होती. माणसं आली, ती पन्नासला पाच-सात जास्तच. साहेब आले, दोन डॉक्टर आले, नर्सेस आल्या. दादांची बायको आणि तो अपवादात्मक मेव्हणा आला. कॅशियरची आई, मास्तरांचा मुलगा-सून, बुवांचे दोघे भाऊ. मोठीताईंनी पदर खोचला आणि वाढायला स्वतः उभ्या राहिल्या. हे काम त्या कुणाला देणार नव्हत्या. एकेका ताटात भाताची छोटी मूद, त्यावर चमचाभर डाळ, बाजूला दोन्ही भाज्या, कशा निगुतीने. प्रत्येक जण ताटाकडे बघे, मग मोठीताईंकडे बघे, आणि उभाच राही. त्यांना वाटलं, मांडणी आवडलीय.

साहेबांचं ताट तर त्यांनी विशेष सजवलं. साहेब म्हणाले, “अच्छा, आधी चव बघायची पद्धत आहे वाटतं,” आणि बाजूला जाऊन दोन घासांत संपवून परत रांगेत उभे राहिले. त्यांच्यामागे डॉक्टर. त्यांच्यामागे मेव्हणा; तो खरं तर रांगेतून बाहेर गेलाच नव्हता, जिथल्या तिथे खाऊन वळला होता. दुसऱ्या वाढपात चमचा पातेल्याच्या बुडाला लागला. त्या आवाजाने मोठीताईंनी आत पाहिलं. भात संपला होता. डाळीचं पातेलं तिरकं करून पाहिलं. संपली होती. रांगेत निम्मी माणसं रिकाम्या ताटांनिशी उभी होती, आणि त्यांतली बरीचशी अजून एकदाही जेवली नव्हती.

गटातल्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. ते बिनहाताच्या खुर्च्यांवर बसून पहिलाच घास चावत होते.

बोळात एक्स-रेच्या मशीनची टुकटुक तेवढी ऐकू येत होती. मोठीताईंच्या हातात रिकामा चमचा, कानशिलं तापलेली. त्यांच्या हातचं कमी पडलं होतं. त्यांच्या हातचं. खोली गेली हे तर दिसतच होतं, पण त्या क्षणी त्यांना खोलीचं काही वाटत नव्हतं. कुठे पंधरा-वीस माणसं आडोशाला उभी राहतील एवढा मोठा खड्डा जमिनीत पडला असता तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. त्यांना अजून स्वतःला लागणारी जागा जुन्याच मापाने सुचत होती.

साहेबांनी ताट टेबलावर ठेवलं. “मॅडम,” ते आहाराच्या मॅडमना म्हणाले, “पन्नास लोकांना जेवायला बोलावलं आणि हे काय आहे?”

मॅडम उघड्या दारातून खोलीतल्या फळ्यावरचं गणित वाचत होत्या. मास्तरांनी ते पुसलं नव्हतं. बरोबर सुटलेलं गणित ते कधी पुसत नसत. “सहा चमचे,” मॅडम म्हणाल्या आणि मास्तरांकडे वळल्या. “माणशी सहा चमचे?”

“आधी आठ धरले होते,” मास्तर घास गिळून म्हणाले. “ते जास्त वाटले.”

मागून कुणीतरी हसलं. दादांची बायको. ती आधी तोंडावर हात ठेवून हसत होती, मग तिला ते आवरेना. “साहेब,” ती म्हणाली, “तुम्हाला हे आज एकदा झालंय. आमच्याकडे रोज आहे.”

“काय रोज आहे?” दादांनी विचारलं.

“वाढणं तुमचं. अहो, बाहेरून आलात की हौसेने तुम्ही वाढता ना आम्हाला? पोरं तुम्ही झोपलात की माझ्याकडे येतात. मी वेगळा कुकर लावते.”

“वेगळा कुकर?” दादा म्हणाले. ट्रक मागे घेताना काहीतरी धडकावं तसा त्यांचा चेहरा झाला.

मग काय, एकाने बांध फोडला की पाणी थांबत नाही. कॅशियरच्या आईने सांगितलं, आपल्या कपाटात पांघरुणांच्या मागे बिस्किटांचे पुडे आहेत. कॅशियर म्हणाली, “आई, मला वाटलं रात्री उंदीर कुरतडतात.” मास्तरांची सून म्हणाली, बाबा भाजी आणायला गेले की पन्नास ग्रॅम घेवडा आणतात, चौघांना. भाजीवाली आता त्यांना बघून मोठा तराजू आत ठेवते. बुवांचे भाऊ काहीच बोलले नाहीत. फक्त एकमेकांकडे बघून त्यांनी अशी मान हलवली की बुवांनी ओळखायचं ते ओळखलं.

मोठीताई हळूहळू वळल्या. यजमान भिंतीजवळ उभे होते, ताट छातीशी धरून.

“तुम्ही?”

“मी काय,” ते म्हणाले. “माझं चाललंय.”

“अहो, खरं सांगा.”

यजमानांनी खाली पाहिलं. “ऑफिसच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. घरी यायच्या आधी दोन पाव खातो. कधी तीन.”

“पाव?” मोठीताईंचा आवाज चढला. “माझ्या घरात राहून तुम्ही बेकरीचे पाव खाता? आणि मी विचारते रोज, पोट भरलं का म्हणून, तेव्हा हो म्हणता?”

“तेव्हा भरलेलंच असतं,” यजमान म्हणाले. खोटं बोललो नाही याचं त्यांना तेवढ्यातही समाधान होतं.

“वर्षभर तोंड शिवलं होतं का तुमचं?”

कमी बोलणारा माणूस चारचौघांत बोलायला लागला की बाकीचे आपोआप गप्प होतात. “सुरुवातीला तू जेवायला बसलीस की रडायचीस,” ते म्हणाले. “लपून रडायचीस, पण मला कळायचं. नंतर थांबलीस. मला वाढताना तुझा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा दिसायला लागला. तू केवढं थोडं वाढत होतीस, पण काय आनंदाने वाढत होतीस. त्यात मी कुठे ‘अजून वाढ’ म्हणू? तुला वाटलं असतं, हेही बिघडलं.” त्यांनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. “पाव काही वाईट नसतात.”

मोठीताईंनी रागवायचं पक्कं ठरवलं होतं, पण राग कुठे ठेवलाय ते सापडेना. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग त्याच पदराने उगाच टेबल पुसलं.

साहेब सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. “हे सगळं तुम्ही एकमेकांना आत्ता सांगताय?”

“सांगायचं कुठे, साहेब?” दादांची बायको म्हणाली. “यांना ही खोली आहे. हे इथे येऊन मोकळे होतात आणि घरी हलके होऊन येतात. म्हणून तर चाललंय आमचं. नाहीतर पहिले दोन महिने घरात कुणाला मोठ्याने चावायची चोरी होती. आम्हाला कुठे आहे खोली?”

“घरचे वैतागले की पथ्य मोडतं,” आहाराच्या मॅडम म्हणाल्या. “पथ्य मोडलं की पेशंट परत आपल्याकडेच येतो. मी यांना यांचं माप शिकवलं, साहेब. दुसऱ्याचं माप शिकवायचं राहून गेलं, ते माझंच चुकलं.”

तेवढ्यात साहेबांच्या पोटातून सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला. त्यांनी कँटीनला फोन लावला.

कँटीनवाला ट्रॉल्या ढकलत असा आला, जशी काही लढाई जिंकून मिरवणूक निघालीय. मोठीताईंकडे बघून त्याने वाकून नमस्कार केला. तो त्यांनी मुकाट्याने गिळला, चावून चावून. आणि मग घरची मंडळी जेवायला बसली. गटातली माणसं भिंतीशी ओळीने उभी राहून बघत राहिली. मास्तर ओठ हलवत चमचे मोजत होते, विसाच्या पुढे गेल्यावर त्यांनी नाद सोडला. मेव्हण्याने चौथ्यांदा भात घेतला तेव्हा कॅशियर म्हणाली, “हे सगळं जातं कुठे?” आणि तिच्याच लक्षात आलं की हा प्रश्न आयुष्यभर लोकांनी तिला विचारला होता. ती जाऊन मेव्हण्याला आणखी डाळ वाढून आली.

आचारीबुवा पंगतीकडे टक लावून बघत होते. त्यांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

“पाच किलो,” ते म्हणाले. “पाचच लागले असते. मी म्हणालो होतो.”

“म्हणाला होतात, बुवा,” मोठीताई म्हणाल्या. “आमचंच चुकलं.”

“दिसतेय मला पंगत,” बुवा म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून मापं-तोलं स्वतः बघायला लागले.

निघताना साहेब मोठीताईंजवळ थांबले. “टाके निघाले की संपलं, असं मी धरून चाललो होतो,” ते म्हणाले. “झेरॉक्सचं मशीन रेकॉर्ड रूममध्ये ठेवू. खोली राहू दे. पण एक अट आहे. या घरच्या लोकांनाही बसू द्यायचं. शनिवारीच, तुमच्या आधी.”

मोठीताईंना अटीत काही वावगं दिसलं नाही. घरचे लोक किती वेळ बोलणार? आणि त्यांचे यजमान तर बोलतच नाहीत.

त्या रात्रीच्या जेवणाला मोठीताईंनी भात वाढायला घेतला आणि चमचा यजमानांच्या ताटावर धरून थांबल्या. “पुरे म्हणेपर्यंत वाढणार आहे,” त्या म्हणाल्या. “लाजू नका, नाहीतर बेकरीवाल्याला जाऊन भेटेन.” त्या वाढत गेल्या. त्यांच्या मते सभ्यतेची मर्यादा ओलांडून बराच वेळ झाला तरी पुरे येईना. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि वाढत राहिल्या. अखेर पुरे आलं. ताटातल्या डोंगराकडे त्यांनी शिंपी बघतो तसं डोळे बारीक करून पाहिलं आणि माप मनात टिपून ठेवलं. मग स्वतःची वाटी घेऊन समोर बसल्या. दोघं जेवायला बसली. यजमानांचा डोंगर उतरला तेव्हा त्यांची वाटी अर्ध्यावर होती, आणि ते पाणी पीत, काहीतरी फुटकळ बोलत, ती संपेपर्यंत बसून राहिले.

शनिवारी गटाची मंडळी वेळेवर पोचली. खोलीचं दार आतून बंद. आत हशा चालला होता, मध्येच दादांच्या बायकोचा आवाज, मध्येच मास्तरांच्या सुनेचा, मग बराच वेळ एकाच पुरुषाचा, सलग, रंगात आलेला. मोठीताईंनी कान दिला. एवढं बोलणारा हा कोण म्हणून त्यांना कुतूहल वाटलं, आणि मग आवाज ओळखीचा निघाला.

त्यांनी दारावर टकटक केली. दार अर्धवट उघडलं. यजमान बाहेर डोकावले. गाल लाल, चष्मा कपाळावर.

“अहो, वेळ संपली तुमची,” मोठीताई म्हणाल्या.

“जरा थांबा बाहेर,” यजमान म्हणाले. “माझं अजून व्हायचंय.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं.